मुंबईच्या समुद्रापासून ७०० किलोमीटरवर रीफ टँक: सेटअपपासून टाकी 'पिकेपर्यंत' सगळी माहिती

रील्समध्ये निळ्या लाईटखाली डोलणारे कोरल आणि त्यात फिरणारा क्लाऊनफिश पाहिला की वाटतं, आपल्याकडेही असं काहीतरी हवं. पण तुम्ही राहता आंधळगावला. मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा. इथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेतसुद्धा ७०० किलोमीटरपेक्षा लांब आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि बोअरचं पाणी जड आहे. मग रीफ टँक जमेल का?

जमेल. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. टाकी, लाईट, पंप हे सगळं एका दिवसात ऑर्डर करता येतं. टाकी तयार व्हायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ विकत मिळत नाही. बहुतेक मासे आणि कोरल मरतात ते स्वस्त उपकरणांमुळे नाही, तर कच्च्या टाकीत घाईने सोडल्यामुळे. या लेखात आपण आंधळगावच्या परिस्थितीत टाकी कशी लावायची आणि ती 'पिकली' हे कसं ओळखायचं, ते बघणार आहोत.

रीफ टँक म्हणजे काय?

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची अशी टाकी, जिच्यात माशांबरोबर प्रवाळ म्हणजे कोरलही जगतात. कोरल हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशातून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. पाणी तापलं की ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि कोरल पांढरा होतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा फक्त १ अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, तरी ब्लीचिंग सुरू होऊ शकतं. १ अंशाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे नवतप्यात कामी येईल.

प्रवाळ आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते दिसतात, आणि १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळ पठार आहे. त्याचं नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलं.

खरेदीच्या आधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल, काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाईप कोरल आणि सी फॅन येतात. समुद्री घोडेही त्यातच आहेत. म्हणजे ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत हे जीव आहेत. ते समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. 'लाईव्ह रॉक' म्हणून विकले जाणारे दगड बऱ्याचदा मेलेल्या कोरलचे तुकडे असतात, त्यामुळे तेही टाळा.

मग काय घ्यायचं?

• दगड: सिरॅमिकचे किंवा सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनवलेले. सिमेंटचा दगड काही आठवडे पाणी बदलत भिजवून ठेवा, नाहीतर पाण्याचा पीएच खूप वर जातो.
• कोरल: झोअँथिड आणि मशरूम हे दोन प्रकार. नवशिक्यांसाठी सोपेही हेच आहेत. विक्रेत्याकडून बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. तो टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका.
• मासे: हॅचरीत वाढवलेले क्लाऊनफिश. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. असे मासे टाकीत जन्मलेले असल्यामुळे तिथे लवकर रुळतात.

टाकी किती मोठी हवी?

लहान टाकी सोपी, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. पाणी जितकं कमी, तितकं तापमान आणि क्षार झपाट्याने बदलतात. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही चांगली सुरुवात आहे. आकाराने ती सुमारे १६० लिटरची होते. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १२० लिटरच्या आसपास राहतं. स्टँडसकट वजन २०० किलोच्या जवळ जातं, म्हणून फरशी सपाट आणि भक्कम हवी. खिडकीतून थेट ऊन येत असेल ती जागा नको. पत्र्याच्या छताखालची खोली तर नकोच.

वैनगंगेची वाळू घालण्याचा मोह होईल. घालू नका. ती मुख्यतः सिलिका असते आणि सोबत माती, लोहही येतं. रीफसाठी चुन्याची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू लागते.

पाणी: घरच्या आरओवर डोळे झाकून विश्वास नको

बोअरच्या पाण्यात नायट्रेट, सिलिकेट, लोह असं बरंच काही असू शकतं. आजूबाजूला धानाची शेती असेल तर खताचा अंशही उतरू शकतो. टाकीत हे सगळं शैवालाचं खाद्य ठरतं.

पिण्याच्या आरओमध्ये बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं किंवा मिनरल घातले जातात. त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५० ते १०० दिसतो. रीफला तो ० हवा. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनचं फिल्टर जोडा आणि खिशात मावणारा टीडीएस मीटर जवळ ठेवा.

मीठ मात्र स्वयंपाकघरातलं चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पुरेसं नसतं. रीफचं सिंथेटिक मीठ घ्या. समुद्राच्या पाण्यात एका किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाच्या पाकिटातला ओलावा धरून १२० लिटरला साधारण साडेचार किलो लागतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा.

लक्ष्य हे ठेवा:

• तापमान: २५ ते २७ अंश
• क्षारता: ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६
• पीएच: ८.० ते ८.४
• अल्कलिनिटी: ८ ते १० डीकेएच
• कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम
• मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम

सायकल: डोळ्यांना न दिसणारं काम

माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे त्या नायट्राईटचं नायट्रेट. नायट्रेट कमी प्रमाणात चालतं. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वसाहत करतात आणि हळू वाढतात. दह्याचं विरजण लावल्यासारखं आहे हे. सतत हलवून बघितलं म्हणून दही लवकर लागत नाही.

पद्धत अशी. मासा न सोडता पाण्यात अमोनियम क्लोराईड घालून अमोनिया २ पीपीएम करा. बाटलीतले जिवाणू मिळाले तर तेही घाला. मग दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राईट चढेल, मग तेही उतरेल. पुन्हा २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यावर आले, की सायकल पूर्ण झाली. साधारण ४ ते ६ आठवडे धरा. या काळात लाईट बंद ठेवली तरी चालते.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणजे टाकी तयार झाली, असं समजू नका. अमोनियाला रंग नसतो. निर्णय आकड्यांवर घ्या.

महिन्यांनुसार टाकी कशी पिकते?

*महिना १ ते २:* सायकल. शेवटी एक क्लाऊनफिश आणि काही गोगलगायी. लाईट दिवसाला ५–६ तास.

*महिना २ ते ४:* घाणेरडा टप्पा. आधी वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम, सिलिकेट संपलं की बहुतेक आपोआप जातात. मग हिरवं केसाळ शैवाल येतं. ते हाताने उपटा, गोगलगायी वाढवा, खाणं कमी घाला. इथेच बरेच जण घाबरून केमिकल ओततात आणि मेहनतीने जमलेले जिवाणूही मारून टाकतात.

*महिना ४ ते ६:* दगडावर जांभळे-गुलाबी ठिपके दिसू लागतात. हे कोरलाईन शैवाल, टाकी स्थिरावत असल्याची चांगली खूण. ते बाहेरून यावं लागतं, गोगलगायींच्या शंखावरून बऱ्याचदा येतं. आता पहिलं मशरूम किंवा झोअँथिड लावा. आधी कमी प्रकाशात, तळाशी.

*महिना ६ ते १२:* एक-एक कोरल, मध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदल.

एक महत्त्वाची सूचना. नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्ण शून्य करू नका. दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, बुडबुडे धरणारे जीव पसरायची संधी साधतात, आणि ते घालवणं शैवालापेक्षा कठीण आहे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

नवतपा, कूलर आणि बाष्पीभवन

थंड करणारा चिलर महाग असतो आणि वीजही खातो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याआधी साधा पंखा वापरून बघा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडा. १ लिटर पाणी उडून जाताना जितकी उष्णता सोबत नेतं, तेवढ्याने १०० लिटर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होऊ शकतं. खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात २ ते ४ अंशांचा फरक मिळतो. खोली ३० अंशांच्या आत ठेवता आली तर एवढं पुरतं. त्याच खोलीत कूलर लावला तर खोली थंड होते, पण हवा दमट झाल्याने टाकीवरच्या पंख्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे खिडकी उघडी ठेवून दमट हवा बाहेर जाऊ द्या. पावसाळ्यात ही युक्ती कमजोर पडते.

दुसरी बाजूही बघा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. १०० लिटरमधून रोज २ लिटर गेलं आणि पाच दिवस भरलं नाही, तर क्षारता ३५ वरून जवळपास ३९ वर जाते. म्हणून रोज गोडं, शून्य टीडीएसचं पाणी भरा. खारं पाणी भरू नका.

लाईन गेली तर?

पहिला धोका अंधाराचा नाही, ऑक्सिजनचा आहे. गरम खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो. कोरल एखादा दिवस अंधारात सहज काढतो, पण पाणी हललं नाही तर मासे काही तासांत संकटात येतात.

म्हणून वेव्हमेकर आणि लहान पंप इन्व्हर्टरवर घ्या. लाईट आणि हीटर नको. दोन्ही पंप मिळून २० वॅट धरा. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. त्यातले ६० टक्के वापरले तर ५४ तास येतात. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून निम्मेच पकडा, तरी एक दिवस निघतो. सोबत बॅटरीवरचा एअर पंप कपाटात ठेवा.

सगळ्या वायरी प्लगच्या खाली लोंबतील अशा वळवा, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटमध्ये जाणार नाही. लाईनवर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी हवाच. खारं पाणी आणि वीज यांची मस्करी नको.

मोबाईलचा खरा उपयोग

ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० तापमान सेन्सर जोडून टेलिग्रामवर अलर्ट घेता येतो. तीन गोष्टी सांभाळा.

१. सेन्सरची स्टीलची नळी खाऱ्या पाण्यात गंजते. ती पूर्ण सीलबंद आवरणात घाला.

२. लाईन गेली की राऊटरही बंद होतो, मग अलर्ट पाठवणार कोण? म्हणून लॉजिक उलटं लिहा. बोर्डाने दर ५ मिनिटांनी क्लाऊडवर 'मी ठीक आहे' असं कळवायचं. १५ मिनिटं निरोप आला नाही, तर क्लाऊडने तुम्हाला मेसेज करायचा.

३. हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर टाकी उकडते. थंडीत हीटर लावाल तेव्हा त्याच्या पुढे वेगळा तापमान कंट्रोलर ठेवा.

याशिवाय एक साधी शीट बनवा: तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट, अल्कलिनिटी. दर रविवारी एकाच कोनातून, पांढऱ्या लाईटमध्ये एक फोटो काढा. सहा महिन्यांनी ते फोटो एकापाठोपाठ बघितले की कोणता टप्पा कधी आला ते स्पष्ट दिसतं.

सुरू करायचं का? आधी हे तपासा

• महिन्याला सरासरी १०० वॅट सतत चाललं तर ७२ युनिट होतात. बिलात ते बसतं का?
• तुम्ही शिक्षणाला किंवा नोकरीला नागपूर-पुण्याला गेलात तर रोज पाणी कोण भरणार? घरच्या एका माणसाला आधीच शिकवून ठेवा.
• पहिले सहा महिने जवळजवळ रिकामी टाकी बघत बसायची तयारी आहे का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर पहिली खरेदी टाकीची नको, टीडीएस मीटर आणि थर्मामीटरची करा. आठवडाभर घरचं पाणी मोजा, आणि टाकी ठेवायच्या खोलीचं तापमान दुपारी तीन वाजता व पहाटे पाच वाजता लिहून ठेवा. पंखा पुरेल, कूलर लागेल की चिलर, ते ठरवायला हेच आकडे लागतील.