पुरुष रुग्णांनी दाखवलेले दुसरे जनुक

स्तनाचा कर्करोग घराण्यातून चालत येऊ शकतो, हे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ साली ग्रंथात मांडले. पुराव्यादाखल त्यांनी आपल्या पत्नीच्या घराण्याची वंशावळ दिली. १७८८ मध्ये या रोगाने गेलेल्या एका बाईपासून ती सुरू होते. आनुवंशिकता पुढे मान्य झाली, पण हा रोग बायकांचा आणि वारसा आईकडून लेकीकडे, ही समजूत आजही घट्ट आहे. ती चुकीची आहे, याचा पक्का पुरावा पुरुष रुग्ण असलेल्या घराण्यांनीच दिला. या रोगाच्या इतिहासात त्या घराण्यांना हक्काची जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी कमी वयात रोग होणाऱ्या घराण्यांचा अभ्यास करून दोषी जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. पुढे त्याला बीआरसीए-१ म्हटले गेले. मग इंग्लंडमध्ये मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदान एका पुरुषाला हा रोग झालेली २२ घराणी निवडली. एका घरातल्या रुग्णांमध्ये सतराव्या गुणसूत्राचा तोच तुकडा वारशाने आलेला दिसतो का, हे त्यांनी तपासले. तो मेळ बसेना. म्हणजे या घराण्यांत रोगाचे मूळ दुसरीकडे होते. १९९४ सालीच ते तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९५ च्या अखेरीस बीआरसीए-२ हाती लागले. आइसलँडमध्ये तर या जनुकातला एकच बिघाड, पाच अक्षरे गळालेला, घरोघरच्या वंशावळींतून उतरत आलेला निघाला; तिथल्या स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये तो सापडला.

यावर सरळ आक्षेप असा, की या रोगाच्या शंभर रुग्णांमागे पुरुष जेमतेम एक. मग पुरुषांमध्ये जागृती करण्यात शक्ती का घालवायची? सरसकट सगळ्या पुरुषांची तपासणी करा असे कोणी म्हणत असेल, तर हा आक्षेप रास्तच आहे. पण बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या पुरुषाला आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता शंभरात सुमारे सात असते, इतरांना हजारात एकाच्या आसपास. शिवाय तो स्वतः ठणठणीत राहिला तरी प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून पुरुषांवरचा खर्च बायकांच्या वाट्यातून जातो, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. बाप वाहक असेल आणि चौकशी आई-मावशीपाशीच थांबली, तर आत्याचा स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग नोंदीत येतच नाही, आणि धोक्यात राहते ती लेक. भावंडे थोडी आणि त्यांतही मुलगेच अधिक, अशा घराण्यात तर हा वारसा एकही बाई आजारी न पडता पिढी ओलांडतो.

पुरुषाच्या स्तनाग्रामागे ऊतक थोडेच असते. तिथली गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते आणि निदान उशिरा होते. त्यामुळे वाहक पुरुषांनी पस्तिशीपासून छाती स्वतः चाचपावी, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि बीआरसीए-२ असेल तर चाळिशीपासून प्रोस्टेटचीही तपासणी करावी, असा सल्ला दिला जातो. मात्र आपण वाहक आहोत हे कळण्यासाठी वडिलांकडच्या माणसांचे आजार आधी कोणीतरी विचारावे लागतात.