‘गवेषणी’ : पहिली भारतीय सागरसंशोधन नौका

‘गवेषणा’ म्हणजे शोध. या शब्दावरून नाव मिळालेली ‘गवेषणी’ ही भारताची पहिली सागरसंशोधन नौका होय. १९७६ ते १९९४ अशी अठरा वर्षे ती गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सेवेत होती.

१९६२ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तीत भारतीय शास्त्रज्ञांना नौदलाच्या ‘कृष्णा’ या युद्धनौकेवर काम करावे लागले. मोहिमेची फलश्रुती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मात्र खोल समुद्रात जाणारी स्वतःची नौका मिळण्यास आणखी दहा वर्षे लागली. तीही मुळात संशोधनासाठी बांधलेली नव्हती. गाळ वाहून नेणाऱ्या नौकेत फेरबदल करून, तीवर प्रयोगशाळा उभारून ‘गवेषणी’ तयार करण्यात आली.

पाण्याचे तापमान, क्षारता, प्रवाह, सूक्ष्मजीव आणि तळावरील गाळ यांची पाहणी हे तिचे नित्याचे काम. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मोसमी पाऊस प्रयोगाच्या वर्षीही तिने निरीक्षणे नोंदविली. या कामाचे महत्त्व किनाऱ्यापुरते नव्हते. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावची खरिपाची पेरणीही याच समुद्रावरून येणाऱ्या बाष्पावर अवलंबून असते.

‘गवेषणी’च्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा दिवस २६ जानेवारी १९८१. त्या दिवशी तिने हिंदी महासागराच्या तळातून बहुधात्विक गोटे वर काढले. बटाट्याच्या आकाराच्या या काळसर गोट्यांत मँगनीज व लोह यांच्यासह निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. पाण्यातील धातू अत्यंत मंद गतीने थरावर थर साचून ते तयार होतात. काही मिलिमीटर वाढीसाठी लक्षावधी वर्षे लागतात. भारताने पुढे मध्य हिंदी महासागर खोऱ्यात सविस्तर सर्वेक्षण केले. ऑगस्ट १९८७ मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंदणी झालेला भारत हा जगातील पहिला देश ठरला व त्याला दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. सर्वेक्षणाअंती त्यापैकी ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताने स्वतःकडे राखले.

दरम्यान, १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेली, शंभर मीटर लांबीची ‘सागर कन्या’ तत्कालीन महासागर विकास विभागाकडे दाखल झाली. ‘गवेषणी’ १९९४ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर खोल समुद्रातील कामासाठी संस्थेच्या शास्त्रज्ञांना ‘सागर कन्या’सारख्या इतर विभागांच्या किंवा भाड्याने घेतलेल्या नौकांवर विसंबावे लागले. ‘सिंधू साधना’ ही संस्थेची स्वतःची महासागरी नौका २०१४ मध्ये सेवेत आली. मधली वीस वर्षे पाहता, फेरबदल करून घडविलेल्या त्या पहिल्या नौकेचे मोल अधिकच जाणवते.