पावसाळ्यातली विचारपूस

आमच्या पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या अंगाला, नवजा गावात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावात पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानी असतात. या पावसाची नोंद सरकारी दप्तरात आहे, धरणाची आहे, भूकंपाचीही आहे. पण एवढ्या पावसात माणसांनी अंग कोरडं कसं ठेवलं, चिखल्यांना काय लावलं, थंडीत काय पांघरलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. ते सगळं तोंडातोंडी चालत आलं. बांधावर, जात्यावर, एसटीच्या थांब्यावर एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं त्यात आपलं घालायचं. मी साठी ओलांडली आहे. जेवढं पाहिलं आणि थोरांकडून ऐकलं, तेवढं इथं मांडतो.

सुरुवात घोंगडीपासून केली पाहिजे. गंमत अशी, की आमच्या पावसातली ही मुख्य वस्तू यायची बिनपावसाच्या मुलखातून. म्हसवडकडं धनगरांची मेंढरं, त्यांची लोकर आणि सणगरांचे माग. विणून झाली की घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायचे, त्यानं ती ताठ व्हायची. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी बराच वेळ वरच्या वर ओघळून जायचं. भिजली तरी आत ऊब राहायची. हा लोकरीचा गुण, सुती कापडात तो नाही. घोंगडी घेतली की सल्ले सुरू व्हायचे. पिळू नको, वलणीवर पसरून टाक. चुलीच्या धुरात राहू दे, म्हणजे कसर लागत नाही. पेटीत ठेवायची तर कडुलिंबाचा पाला घाल. साबण लावू नको. आमचे आजोबा म्हणायचे, "घोंगडं धुतलं की म्हातारं हुतं." साबणानं लोकरीचा तेलकटपणा जातो आणि पाणी आत शिरतं, हे मला पुढं शेतीच्या पुस्तकातून कळलं. आजोबांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

बायका भातलावणीला इरलं घ्यायच्या. वेळूच्या कामट्यांचा सांगाडा, आत पळसाची पानं. वाकून लावणी करताना पाठ आणि डोकं झाकायचं, दोन्ही हात मोकळे राहायचे. छत्रीनं हे जमत नाही. इरलं मोडलं तर ते कसं सांधायचं, पानं कुठल्या दिवसांत तोडायची, हे बायकाच एकमेकींना सांगायच्या. पुढं रासायनिक खतं आली, आणि खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक फुकटात मिळायला लागलं. आम्ही त्याला कागद म्हणायचो. एका कोपऱ्यात दुसरा कोपरा घातला की झाली खोळ. हलकी, पाण्याचा थेंब आत येत नाही. पण तासाभरात आतून घामानं माणूस भिजायचा. मग त्यावरही सल्ले निघाले. आत जुना सुती सदरा घाल, गळ्याशी ढिला बांध, बांधावर आलास की काढून वारं घे. पाच-सहा वर्षांत इरली गोठ्याच्या आढ्याला गेली आणि ती विणणाऱ्यांचं काम बसलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयनानगर तर बसलंच. मी तेव्हा सात वर्षांचा. घरं उभी होती तिथंही आत निजायची कुणाची छाती होईना, कारण धक्के थांबत नव्हते. ऐन डिसेंबरात सगळं गाव खळ्यावर उघड्यात आलं. त्या रात्री मी पहिल्यांदा पाहिलं, की बारीकसारीक सल्ल्यावर पोरंबाळं जगतात. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घाला, थंडी भुईतून चढते. पेंढा हातभर जाड पसरा. पोरांचे कान आणि पाय आधी बांधा. दव पडायच्या आत डोक्यावर धोतर ताणा. आमची थोरली चुलती घरोघर, म्हणजे पेंढ्यापेंढ्यापाशी फिरून विचारत होती, "पोराचं पाय गार हायत का बघ. नुसतं कपाळाला हात लावून काय कळतंय?" तिचं म्हणणं साधं होतं. आधी हात लावून बघायचं, मग सांगायचं.

आमच्या भागातली निम्मी घरं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांवर जगत होती. त्यामुळं सल्ले पोस्टकार्डावरूनही यायचे-जायचे. मी शाळेत जायला लागलो तशी आळीतली पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं. आया सांगायच्या, "लिव्ह, रातपाळीवरनं आल्यावर गार पाण्यानं आंघूळ करू नगं." तिकडून उत्तर यायचं, की अमृतांजनची बाटली पाठवली आहे, आईच्या कपाळाला लावा, डोळ्याला हात लावू नका. १८९३ साली मुंबईतच सुरू झालेलं हे पिवळं मलम आमच्या डोंगरात असं गिरणीवाल्यांच्या ट्रंकेतून आलं. कानटोपी आणि स्वेटरही तसेच आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढं माणसंच परत आली, तेव्हा पत्रं थांबली.

आता पायांकडं येतो, कारण शेतकऱ्याचं खरं दुखणं तिथंच. जुलैत दिवसभर खाचरात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाज सुटते, चिरते. त्या चिखल्या. लावणीच्या आधी बायका पायांना मेंदी लावायच्या. तो नटण्याचा प्रकार नव्हता, मेंदीनं चिखल्या कमी होतात असा अनुभव होता. कुणी करंजाचं तेल सांगायचं, कुणी हळद. पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. रात्री पाय धुऊन बेचकं कोरडं करायचं, मगच काय लावायचं ते लावायचं. आज त्वचेचे डॉक्टरही पहिल्यांदा हेच सांगतात.

थंडी पडली की टाचांना भेगा. त्यावर औषध यायचं कुंभार्ली घाटानं, चिपळूणकडून. आमसुलाचं तेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं. ते थंडीत घट्ट असतं, म्हणून गोळ्याच्या रूपात विकायला यायचं. गोळा दिव्यावर धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा. चटका बसायचा, पोरं ओरडायची, पण भेग भरायची.

याच तेलानं दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका काकूंच्या पायाची दोन बोटं गेली. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. त्या आजारात हळूहळू पायाची जाणीव कमी होते, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. नेहमीसारखं तेल सोडलं, बोटांच्या मुळाशी चिरलं होतं तिथंही सोडलं. चटका कळला नाही. उलट त्यांना वाटलं, यंदा तेल सोसलं. भाजल्याचा फोड आला, तो फुटला, त्यावर चिखल बसला, आणि पंधरा दिवसांत बोटं काळी पडली. कराडला नेलं तोवर बोटं वाचण्यासारखी नव्हती, पाय वाचला.

तेल तेच होतं, दिवा तोच होता, सांगणारीही जुनीजाणती होती. पाय मात्र बदलला होता. पूर्वी आमच्याकडं साखरेचा आजार फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तो आला आणि जुन्या सल्ल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

दुसरं उदाहरण मलमाच्या ट्यूबचं. हल्ली गजकर्ण झालं की शेजारी लगेच दुकानातल्या ट्यूबचं नाव सांगतो. दोन दिवसांत खाज थांबते आणि ट्यूबची कीर्ती होते. पण त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. महिन्याभरात एका चट्ट्याचे दहा होतात, घरातल्या सगळ्यांना लागतात. जुन्या सल्ल्याला एक परीक्षा होती. सांगणारा उद्या बांधावर भेटणार, गुण आला की नाही ते त्याला तोंडावर ऐकावं लागणार. ही ट्यूब उद्याच्या परीक्षेत पास होते आणि पुढच्या महिन्यात नापास. तोवर सल्ला चार घरं पुढं गेलेला असतो.

लेप्टो हा तापही आता ठाऊक झालेला आहे. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो पायाच्या चिरेवाटे अंगात शिरतो. २००५ साली मुंबईत पूर आला, त्यानंतर हे नाव गावोगाव पोचलं. म्हणजे चिखलीची चीर ही नुसती खाजेची बाब राहिली नाही. चिरलेल्या पायानं खाचरात उतरू नये हे खरं, पण लावणी थांबत नाही आणि गमबूट चिखलात रुतून बसतात. म्हणून आमच्याकडं आता असं सांगतात, की चीर झाकून उतरा, वर आल्यावर साबणानं पाय धुवा, आणि लावणीच्या दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरला आपण होऊन सांगा, की मी खाचरात होतो.

जुने सल्ले टाकून द्यावेत असं मला वाटत नाही. कोरडं बेचकं, भुईवर पेंढा, सुती सदरा, ही अजूनही सोन्यासारखी बोलणी आहेत. मराठीत आपण विचारपूस म्हणतो, त्यात विचारणं पहिलं आहे. आमच्या गावात आशाताई आता थंडीच्या तोंडाला घरोघर जातात, तेव्हा आमसुलाच्या तेलाला नाही म्हणत नाहीत. आधी म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटायला लावतात, तळपायाला कापसाचा बोळा टेकवतात आणि विचारतात, "आजी, कुठं लागलं सांगा?" आजीनं बरोबर जागा सांगितली तरी तेल कोमट करून बोटानं लावायला सांगतात. सांगता आली नाही, तर दिवा आणि तेल दोन्ही लांब ठेवून रक्त तपासायला पाठवतात.