आपल्या टेंभूचे आगरकर मास्तर

टेंभू म्हटले की आज उपसा सिंचन योजना आठवते. पण कराडजवळच्या, कृष्णाकाठच्या याच गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ‘थोर समाजसुधारक’ एवढे दोन शब्द पाठ करून आपण परीक्षेत गुण मिळवले. ते पेशाने मास्तर होते आणि वर्तमानपत्रात लिहीत होते, ही बाजू मात्र राहून गेली. या स्मरणिकेत आपण सारे गुरुजनांसह एकत्र येत आहोत, म्हणून तीच सांगतो.

घरची परिस्थिती बेताची. कराडला शिक्षण थांबले, तेव्हा काही दिवस कचेरीत कारकुनी केली. पुढे शिक्षणासाठी रत्नागिरी, मग अकोला. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र आईला पत्र लिहून कळवले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर मी संतोष मानणार आहे. १८८० मध्ये निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकवू लागले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ सुरू झाला, त्याचे पहिले संपादकही तेच.

कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी तेथील दिवाण बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणावरून खटला झाला. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. सुटून आल्यावर दोघेही पुन्हा शिकवायला उभे राहिले.

सरकारशी भांडणाऱ्या मास्तरांचे लोकांनी कौतुक केले. पण तीच लेखणी घराच्या उंबऱ्याआत शिरली, तेव्हा चित्र पालटले. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे यांवरच्या लेखांनी सहकारीही अस्वस्थ झाले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोखले सांभाळत. बायकांनी जाकिटे घालावीत इथपासून मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे इथपर्यंत त्यांनी सारे उघडपणे लिहिले. परिणाम असा, की पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली.

आज लिहून उद्या त्याच गावातल्या मुलांपुढे उभे राहायचे, त्यांच्या पालकांना रस्त्यात भेटायचे, हे किती अवघड असते ते आपल्या गुरुजनांना ठाऊक आहे. आगरकरांनी लिहिणेही सोडले नाही आणि शिकवणेही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी नव्हती. एवढे वाद झालेल्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर कळवळून मृत्युलेख लिहिला.

आपल्या वर्गात डाव्या हाताच्या बाकांवर मुली बसत, आणि त्यात आपल्याला काहीच नवल वाटत नसे. हे नवल संपावे म्हणून आपल्याच भागातल्या एका मास्तरांनी शिव्याशाप सोसले होते. मेळाव्यानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला आपण पुस्तके देणारच आहोत. त्यांत आगरकरांचे निबंध असावेत, आणि ते कपाटात कुलूपबंद न राहता नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती पडावेत, एवढी विनंती.