पश्चात्तापाची दैनंदिन साधना : पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्ती मिशन

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात पश्चात्ताप ही मध्यवर्ती संकल्पना आहे. नव्या करारातील ‘मेटानोइया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मनाचे परिवर्तन’ असा आहे. केवळ झाल्या चुकीबद्दलची हळहळ त्यात अभिप्रेत नाही. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीपाठोपाठ क्षमेची याचना येते. मार्टिन ल्यूथर यानेही १५१७ मधील आपल्या पहिल्याच सूत्रात श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, असे प्रतिपादन केले. पुणे जिल्ह्यात या विचाराला दैनंदिन साधनेचे रूप कसे प्राप्त झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप :
१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ एकत्र जमले व तेथे चहा देण्यात आला. हे प्रकरण धर्मपीठापर्यंत पोहोचले. टिळकांनी काशी येथे प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तर न्या. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. येथे प्रश्न अंतःकरणातील पालटाचा नव्हता, तर जातिसमाजातील स्थान टिकविण्याचा होता.

याच काळात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे बालपण तीर्थयात्रा, व्रते व उपवास यांत गेले होते. पापक्षालनाचे विधी त्यांना परके नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडच्या चर्चच्या उपासनेत सकाळ-सायंकाळ पापांगीकार म्हटला जातो. तथापि, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला असला तरी ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. १८९१ च्या सुमारास त्यांच्या विचारात निर्णायक बदल झाला. पश्चात्ताप हे क्षमेचे मूल्य नसून मिळालेल्या क्षमेला दिलेला प्रतिसाद आहे, असा या बदलाचा आशय सांगता येईल.

मुक्ती मिशनमधील साधना :
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. त्यांतून केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेस जमण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली व दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. वेल्समध्ये १९०४ पासून सुरू असलेल्या धर्मजागृतीच्या वार्ता यामागे प्रेरणादायी ठरल्या. २९ जूनच्या रात्रीपासून मुली रडून, मोठ्याने आपल्या पापांची कबुली देऊ लागल्या. म्हणजेच भावनेचा हा उद्रेक सहा महिन्यांच्या नित्य साधनेनंतरचा होता, ही बाब लक्षणीय आहे.

या आवाजी प्रार्थनेवर टीका झाली. काही अतिरेक घडले असतील, हे रमाबाईंनी नाकारले नाही; परंतु भारतीय स्त्रियांना आपल्या पद्धतीने भक्ती व्यक्त करू द्यावी, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मुलींच्या तुकड्या पाळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. त्यामुळे आत्मपरीक्षणाला सेवेची जोड मिळाली.

मूल्यमापन :
या मुलींचे अनुभव मुख्यतः मिशनच्या अहवालांतून व मिशनऱ्यांच्या लेखनातून उपलब्ध होतात. आश्रयदात्या संस्थेत राहणाऱ्या अनाथ मुलीची कबुली कितपत स्वेच्छेची होती, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. दुसरीकडे, ज्या विधवेला समाजाने पतीच्या मृत्यूचे पाप चिकटविले होते, तिला स्वतःच्या कृत्यांपुरतेच उत्तरदायी मानणे यात मुक्तीचा अंशही होता. न केलेल्या पापाच्या ओझ्यातून सुटका झाल्याखेरीज केलेल्या चुकीचा प्रामाणिक स्वीकार शक्य होत नाही.

निष्कर्ष :
पंचहौद प्रकरणातील प्रायश्चित्त एकदा घेऊन संपणारे होते व त्याचा निवाडा समाजाच्या हाती होता. केडगावचा पश्चात्ताप रोज नव्याने करावयाचा होता. रमाबाईंच्या दृष्टीने आध्यात्मिक वाढ ही बाप्तिस्म्याच्या दिवशी पूर्ण होणारी घटना नव्हती. नित्य प्रार्थना, दोषांची कबुली व इतरांची सेवा या क्रमाने ती घडत जाते, हेच मुक्ती मिशनच्या इतिहासावरून दिसून येते.