तापी-पांझरेचे महापूर आणि खानदेशचीं दप्तरें

खानदेशांतील एखाद्या गांवचें दप्तर मध्येंच तुटलेलें आढळलें म्हणजे संग्राहक त्याचें कारण सहसा इ. स. १८०२ च्या होळकरी लुटींत, तीमागोमागच्या दुष्काळांत, किंवा पेंढाऱ्यांच्या धामधुमींत शोधतात. हीं कारणें खोटीं नव्हेत. परंतु दप्तर कोणीं लुटलें हें विचारण्यापूर्वीं तें गांव कोणत्या नदीकांठीं व किती उंचीवर वसलें आहे, हें पाहिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

तापी मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेस सुमारें ७२४ किलोमीटर वाहते. बंगालच्या उपसागरांतून उठणारीं पावसाळी वादळें पुष्कळदां याच दिशेनें सरकतात. म्हणजे पुराचा लोंढा खालीं उतरत असतां पाऊसहि त्याच्याबरोबर चालतो. त्यांतच चांगदेवजवळ पूर्णा मिळते. पुढें दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी व पांझरा, आणि सातपुड्यांतून अनेर, अरुणावती, गोमाई या येतात. मुख्य पात्र तुडुंब असलें म्हणजे उपनदीचें पाणी मुखाशीं तुंबून मागें फुगतें. म्हणून संगमावरील गांवांस दुहेरी भय असतें. आणि तीर्थें तर बहुधा संगमावरच! तापीमाहात्म्य तीं तीर्थें गणितें. वाहून गेलेलीं घरें गणण्याचें काम सरकारी दप्तरावर पडलें.

त्या दप्तराच्या आधारें रचलेल्या इ. स. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत इ. स. १८२२ (शके १७४४) च्या पुरानें तापीकांठचीं ६५ गांवें पूर्ण व ५० अंशतः नष्ट झाल्याचें नमूद आहे. खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ मध्यें; कॅप्टन ब्रिग्ज उजाड गांवांत वस्ती करवीत होता, तोंच हा घाला आला. तेव्हां १८१८ नंतरच्या कागदांत 'बेचिराख' म्हणून आढळणारें प्रत्येक गांव पेंढाऱ्यांच्या पदरीं घालतां येत नाहीं.

येथें कालगणनेची एक मेख आहे. सुहूर व फसली सन मृगापासून पालटतो. श्रावण-भाद्रपदांतला पूर म्हणूनच वर्षारंभाच्या जवळ पडतो. जमाखर्च सुहूर सन १२२३ च्या आरंभींच खुंटला, तर वाचणाऱ्यास तो अंमल बदलल्याचा परिणाम वाटतो; वस्तुतः कुळकर्ण्याचें घरच गेलेलें असूं शकेल.

दुसरा मोठा पूर सप्टेंबर १८७२ (शके १७९४, भाद्रपद) चा. तो गिरणा व पांझरा यांचा. १५२ गांवांची हानि झाली, एकट्या धुळ्यांत सुमारें ५०० घरें वाहून गेलीं आणि समोरच्या तीरावरील एक गांव नाहींसें झालें. ही गोष्ट आम्हांस विशेष बोचते. कारण पुढें राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांचा संग्रह याच धुळ्यांत राहिला, तेथें १९२७ मध्यें राजवाडे संशोधन मंडळ निघालें, आणि शंकरराव देवांचें समर्थ वाग्देवता मंदिरहि याच शहरांत उभें आहे. खानदेशांत जमविलेल्या पोथ्यांचा फार मोठा भाग, म्हणजे, एका पांझरेच्या शेजारीं आहे. गिरणा, हातनूर इत्यादि धरणांनीं पाणी अडविलें हें खरें. पण धरणाखालच्या पाणलोटांत पडणारा पाऊस धरणाला विचारून पडत नाहीं.

जुने लोक पांढर आणि काळी यांचा भेद उगाच करीत नसत. काळी पिकासाठीं, पांढर वस्तीसाठीं व उंचावर. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशें येथें १९५४-५५ मध्यें झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगापासूनचे थर एकावर एक सांपडले. फारुकी राजांच्या कबरी असलेलें थाळनेरहि तापीच्या उंच कांठावरच आहे. अशा पांढरींतील वाड्यांत जुने रुमाल मिळण्याचा संभव सखल पेठेंतल्यापेक्षां अधिक; शोधार्थ निघणाऱ्यानें आधीं तेथें जावें.

एक विनंति मात्र आहे. रुमाल सोडतांच त्यांतील वाळलेला गाळ झाडून टाकूं नये. बंद कोणत्या बाजूनें चिकटले आहेत, डाग कोठवर चढला आहे, शेवटची मिती कोणती, एवढें टिपून मग ब्रश हातीं घ्यावा. १८७२ च्या १५२ गांवांपैकीं कोणाचेंहि दप्तर हातीं आलें, तर ही तपासणी पहिल्या दिवशींच करावी.