उष्णता संक्रमण

तापमानातील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे, किंवा एकाच पदार्थाच्या एका भागातून दुसऱ्या भागात होणारे ऊर्जेचे स्थलांतर. निव्वळ प्रवाह आपोआप अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच होतो. वहन, अभिसरण व प्रारण हे त्याचे तीन प्रकार; व्यवहारात ते बहुधा एकत्रच आढळतात. तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्याला विस्तवाची उष्णता प्रारणाने व तप्त वायूंमुळे मिळते, पत्र्यातून ती वहनाने पार होते आणि भोवतीच्या पाण्यात अभिसरणाने पसरते.

वहन : यात पदार्थाचे कण जागा सोडत नाहीत. धातूंत उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तर विद्युत निरोधक घन पदार्थांत अणूंच्या जालकाची कंपने. स्थिर स्थितीत प्रवाहाचा वेग काटछेदाचे क्षेत्रफळ व तापमानातील फरक यांच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. या संबंधातील स्थिरांक म्हणजे ऊष्मीय संवाहकता. सामान्य तापमानाला तिची स्थूल मूल्ये (वॅट प्रतिमीटर-केल्व्हिन) अशी : तांबे ४००, ॲल्युमिनियम २३५, लोखंड ८०, काच १, पाणी ०.६, हवा ०.०२६. हिरा विद्युत निरोधक असूनही त्याची संवाहकता सु. २,००० असते. गोधडी ऊब देते ती मुख्यतः तिच्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. ती भिजली की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब जाते.

थंडीत लाकडी दार व त्याची लोखंडी कडी एकाच तापमानाला असतात, तरी कडी जास्त गार लागते. त्वचेला जाणवते ते पदार्थाचे तापमान नव्हे, तर हातातून उष्णता किती वेगाने निघून जाते ते. हा वेग संवाहकतेबरोबरच घनता व विशिष्ट उष्णता यांवरही अवलंबून असतो.

मापन : यान इंगेनहाउस यांनी बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या सूचनेवरून निरनिराळ्या धातूंच्या तारांवर मेण चढवून त्यांची टोके तापवली आणि मेण कुठवर वितळते ते पाहिले (प्रसिद्धी १७८९). आजही शाळांत होणाऱ्या या प्रयोगाचा निष्कर्ष पुष्कळदा घाईने काढला जातो. वितळण्याची सुरुवातीची गती संवाहकतेची नव्हे, विसरणशीलतेची (संवाहकता भागिले घनता व विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार) निदर्शक असते. शिशाची संवाहकता सामान्य पोलादापेक्षा कमी, विसरणशीलता मात्र जास्त. त्यामुळे आरंभी शिशावरचे मेण आघाडीवर राहू शकते. म्हणून स्थिर स्थिती येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. त्या वेळी सारख्या आकाराच्या व पृष्ठाच्या दांड्यांवर वितळलेल्या लांबीचा वर्ग संवाहकतेच्या प्रमाणात असतो.

मंदवाहक पदार्थांसाठी पदवी प्रयोगशाळांत लीज यांची चकती पद्धत वापरतात. वाफेची पेटी व पितळी चकती यांमध्ये नमुन्याची पातळ चकती ठेवून तिच्या दोन्ही बाजूंची स्थिर तापमाने नोंदवतात. नंतर पितळी चकती स्थिर तापमानापेक्षा सु. १० अंश सेल्सिअस जास्त तापवून तिच्या निवण्याचा आलेख काढतात. स्थिर तापमानाच्या बिंदूवरील आलेखाचा उतार, चकतीचे वस्तुमान व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकारातून नमुन्यातून वाहिलेली उष्णता मिळते. निवताना उघड्या असलेल्या पृष्ठांची दुरुस्ती वगळली, तर उत्तर बरेच चुकते.

गणिती उपपत्ती : झोझेफ फूरिये यांनी उष्णता वहनावरील आपला प्रबंध १८०७ मध्ये पॅरिसच्या इन्स्टिट्यूटला सादर केला. लाग्रांझ यांनी त्रिकोणमितीय श्रेढींच्या वापरावर आक्षेप घेतला. १८१२ मध्ये पारितोषिक मिळाले, पण काटेकोरपणाबद्दलची शंका परीक्षकांनी नोंदवलीच. ग्रंथ निघाला तो १८२२ मध्ये. उष्णता हा द्रव आहे की गती, या तत्कालीन वादावर फूरिये यांची समीकरणे अवलंबून नव्हती. त्यामुळे वाद मिटल्यावरही ती टिकली. धातूंतील ऊष्मीय व विद्युत संवाहकतांचा संबंध व्हीडेमान व फ्रांट्स यांनी १८५३ मध्ये दाखवला.

अभिसरण : द्रव व वायू यांच्या प्रत्यक्ष हालचालीने होणारे संक्रमण. कोकण किनाऱ्यावरील खारे व मतलई वारे हे त्याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण.

प्रारण : यास माध्यम लागत नाही. कृष्णपदार्थाने (पडणारे सर्व प्रारण शोषून घेणाऱ्या आदर्श पदार्थाने) उत्सर्जित केलेली ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते (स्टेफान, १८७९; सैद्धांतिक सिद्धता बोल्ट्‌समान, १८८४); म्हणजे तापमान दुप्पट झाल्यास उत्सर्जन १६ पट. जेम्स ड्यूअर यांच्या चंबूत (१८९२) निर्वातामुळे वहन व अभिसरण, तर चांदीच्या मुलाम्यामुळे प्रारण रोखले जाते.

स्पर्शपृष्ठ : दोन घन पृष्ठे एकमेकांवर दाबली तरी ती थोड्याच ठिकाणी खरोखर टेकतात आणि फटींतील हवा प्रवाहास अडथळा करते. संगणकाचा प्रोसेसर व त्यावरील धातूचा शीतक यांमध्ये लेप भरतात तो याचसाठी.